डोंगरावर टिलर

पहिल्या सत्राची कृषिविद्येची तोंडी परीक्षा. सरांनी विचारलं, "पॅडीमध्ये टिलर्स पर हिल किती असावेत?"

मी शांतपणे सांगितलं, "सर, हिलवर टिलर चढत नाही. आमच्याकडे डोंगरउताराची वरकस जमीन अजून नांगरानेच करतात."

सर आधी माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर. शेजारच्या मुलाने तोंडावर रुमाल धरला. बाहेर आल्यावर कळलं की इथे हिल म्हणजे डोंगर नव्हे, चूड; आणि टिलर म्हणजे नांगरटीचं यंत्र नव्हे, फुटवा. चिखलात एका जागी भाताची दोन-तीन रोपं एकत्र खोचतो तो चूड, आणि त्याला पुढे बुडातून जे नवे कोंब येतात ते फुटवे. दहाव्या वर्षापासून दर मिरगानंतर मी हे चूड लावत आलेली. आजी मागून ओरडायची, खोल खुपसू नको, फुटायचं नाही. म्हणजे उत्तर माझ्या हातात होतं, पण प्रश्न कोणत्या गावचा ते कळलं नव्हतं.

मी सिंधुदुर्गातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बारावी सायन्स इंग्रजीतून. पण ते इंग्रजी पाठांतराचं, सेल आणि टिश्यूचं. बी.एस्सी. अॅग्रीची चार वर्षं, आठ सत्रं पूर्ण इंग्रजीतून. आमचं कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी जोडलेलं, आणि ते विद्यापीठ १९७२ सालचं. घरात त्याची एवढीच ओळख होती की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून बाबांनी 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' काजूची कलमं आणली होती. विषयांच्या नावांपासूनच गोंधळ. अॅग्रोनॉमी म्हणजे सगळी शेती असं मी धरून चालले, तर ती निघाली फक्त कृषिविद्या: पेरणी, अंतर, खत, पाणी, तण. आंबा-काजू उद्यानविद्येत गेले, माती मृदाशास्त्रात. 'एक्सटेन्शन' म्हणजे कॉलेजची इमारत वाढवणार असं आठवडाभर वाटत होतं. तो कृषी विस्तार, म्हणजे प्रयोगशाळेतलं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचा विषय.

त्या तोंडी परीक्षेच्या रात्री मी एक लांब वही घेतली आणि पानाचे तीन रकाने पाडले. पहिल्यात आजीचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकी मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. दुसरा रकाना कशाला, असं मैत्रीण म्हणायची. पण तोच पुढे सरकारी परीक्षेत आणि शिफारस पुस्तिकेत लागतो, हे मला नंतर कळलं.

पहिल्या पानावर: चिखलणी, चिखलणी, पडलिंग. बेणणी, निंदणी, वीडिंग. काजूवरचा ढेकण्या म्हणजे टी मॉस्क्विटो बग. चहा नाही, डास नाही, कोवळ्या पालवीतला रस शोषणारा ढेकूण. आंब्यातला साका म्हणजे स्पाँजी टिश्यू. हापूस बाहेरून देखणा आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा. ज्याने पेटी विकत घेऊन साका बघितलाय त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. लॉजिंग म्हणजे पीक लोळणं, हे मी एकदाच वाचलं आणि कधी विसरले नाही, कारण त्याआधी मला लॉजच आठवला होता.

कधी उलटंही व्हायचं. माझी रूममेट सांगलीकडची. ती म्हणाली, "वाफसा आला की पेरतो." मी म्हटलं, कोण आला? ती थक्क झाली. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निथळतं, माती हाताला चिकटतही नाही आणि कोरडीही नसते, ती वेळ म्हणजे वाफसा. पुस्तकातली फील्ड कपॅसिटी त्याच्या जवळची. आमच्या भातखाचरात जून ते सप्टेंबर पाणीच उभं, आम्ही वाफशाची वाट कधी बघणार? तिला मग मी वायंगण सांगितलं, पावसाळी भात निघाल्यावर ओलावा आणि पाणी असलेल्या जागी घेतात ते उन्हाळी भात. घाटावरची ती आणि खालची मी, दोघींचं मराठी एकच आणि शेतीचे शब्द अर्धे परके. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त मी शिकले ती कलमं बांधताना. रोपवाटिकेत एक काका होते, हातात छोटी सुरी, बोलणं मालवणी. कोय रुजून पंधरा-वीस दिवसांचं रोप आलेलं, पानं अजून तांबूस. ते कोयीच्या वर सात-आठ सेंटिमीटरवर आडवं छाटायचं, वरून मधोमध उभी खाच द्यायची. तीन-चार महिन्यांची काडी आठ-दहा दिवस आधी झाडावरच पानं काढून तयार ठेवलेली. तिचं टोक पाचरीसारखं तासून खाचेत बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. खालचा खुंट, वरची काडी. इंग्रजीत रूटस्टॉक आणि सायन, आणि सगळा खटाटोप कँबियम, म्हणजे सालीखालचा वाढीचा थर, कँबियमला भिडण्यासाठी. माझी पहिली दहा कलमं सुकली. काका म्हणाले, "सालीक साल लागूक व्हयी. तू मधी बसवतंस." खुंट जाड आणि काडी बारीक असली तर काडी एका कडेला सरकवायची, निदान एका बाजूची साल तरी जुळते. त्याच दिवशी मला कँबियम समजलं.

सातव्या सत्रात रावे, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. गावात राहायचं, लोक आम्हाला 'कृषिकन्या' म्हणायचे. मला मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात भाताचं बियाणं ओतायचं, तरंगेल ते काढून टाकायचं, तळाशी बसेल ते धुऊन, सुकवून पेरायचं. मी सुरू केलं, "बीजप्रक्रियेमुळे निकृष्ट बियाणं विलग होतं..." समोरच्या बायका विनम्रपणे ऐकत होत्या, म्हणजे काही कळत नव्हतं. मग पोकळ दाणे वर आले आणि मी म्हटलं, "हे पळंज." एकदम चेहरे बदलले. एक आजी पुढे आली, तिने दोन दाणे नखाने फोडून बघितले आणि म्हणाली, "ह्यां शिकूक तुका दापोलीक जावचां लागलां?" त्यांनी मग मलाच वर्षभराचं ऐकवलं, खेकडे तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, कसा कापतात इथपासून.

पिशवीवरचं लेबल मात्र त्यांना नवीन होतं. पैदासकार बियाण्याला पिवळी खूणचिठ्ठी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा चौकोन लाल असेल तर सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हे सांगितल्यावर दोन घरांतून बाटल्या बाहेर आल्या, रंग बघायला.

पदवीनंतर काय, यावर घरात एकच उत्तर होतं: शेतकी खातं. कृषी सहायक, किंवा लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन मंडळ, तालुका कृषी अधिकारी. मैत्रिणींपैकी एक जेआरएफच्या, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीच्या, मागे लागली, एकीने बियाणे कंपनी धरली, एकीने पदवीच्या जोरावर कृषी सेवा केंद्राचा परवाना काढला. मी बँकेच्या कृषी अधिकाऱ्याची परीक्षा दिली आणि पुन्हा नवीन रकाना उघडला. स्केल ऑफ फायनान्स म्हणजे एकरी-हेक्टरी पीककर्जाची ठरलेली रक्कम. तारण, बोजा, फेरफार, पोटखराबा. सातबारावर हेक्टर-आर, घरी गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर पाठ होता, अडीच एकरांजवळ जाणारा हेक्टर आता हाताशी आला.

मुलाखतीत विचारलं, "आंब्याचा जेस्टेशन पिरियड किती?" पशुसंवर्धनात हा शब्द मी गाईच्या गाभणपणासाठी पाठ केलेला, जिभेवर दोनशे ऐंशी दिवस येऊन थांबले. मग आठवलं, हिल. श्वास घेऊन म्हटलं, कलम लावल्यापासून व्यापारी उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं, तोवर हप्ता सुरू करता येणार नाही. मान डोलली.

हल्ली बँकेच्या आमच्या शाखेत मराठवाड्यातला एक नवीन सहकारी आलाय. परवा एका अर्जावर 'राब भाजणीचा खर्च' बघून तो माझ्या टेबलाशी आला. रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळं म्हणजे छाटलेल्या फांद्या पसरून जाळायचं, तण मरतं, जमीन तापते. विद्यापीठ त्याऐवजी गादीवाफा सांगतं, असं मी समजावलं. "याला इंग्रजीत काय म्हणतात? सिस्टिममध्ये टाकायचंय," तो म्हणाला. मी वही उघडली. त्या ओळीत तिन्ही रकान्यांत एकच लिहिलेलं आहे. राब, राब, राब. इंग्रजी पुस्तकांनीही तोच घेतलाय.