पाच सेकंदं नुसतं पडायचं

१३ जून २०१२. बर्कलेच्या नियंत्रणकक्षात आम्ही सकाळच्या नऊकडे डोळे लावून बसलो होतो. आमची न्यूस्टार ही क्ष-किरण टिपणारी अवकाश दुर्बीण तेव्हा पॅसिफिकवर, मार्शल बेटांमधल्या क्वाजालीनच्या दक्षिणेला होती, पेगॅसस रॉकेटच्या टोकात. आणि ते रॉकेट ‘स्टारगेझर’ या जुन्या प्रवासी विमानाच्या पोटाखाली. तिथे अजून उजाडायचं होतं. माझ्याकडे वीजपुरवठ्याचे आकडे: बॅटरी, सौरपंख.

या रॉकेटला लाँचपॅड लागत नाही. म्हणून कॅलिफोर्नियात व्हॅन्डेनबर्गला जोडणी करून ते विमानानेच विषुववृत्ताजवळ नेता आलं. एवढा खटाटोप कशाला, तर दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचा किरणोत्सारी पट्टा बराच खाली आलेला असतो. तिथून जाताना क्ष-किरण टिपणारी उपकरणं नको त्या कणांच्या माऱ्यात सापडतात. कक्षेचा विषुववृत्ताशी कल ६ अंशांवर ठेवला की हा त्रास बराचसा चुकतो. कॅलिफोर्नियातूनच सोडलं असतं, तर एवढ्याशा रॉकेटला ती कक्षा झेपली नसती.

नऊच्या ठोक्याला रॉकेट सुटलं. उंची सुमारे १२ किलोमीटर, वजन २३ टन. विमानाला बाजूला व्हायला वेळ हवा, म्हणून इंजिन लगेच पेटत नाही. पाच सेकंदं ते नुसतं खाली पडतं. जमिनीवरच्या रॉकेटचं बरं असतं, पेटलं नाही तर जागच्या जागी उभं तरी राहतं. इथे हुक सुटेपर्यंत विमान माघारी नेता येतं, सुटल्यावर काही नाही. नियंत्रणकक्षात कुणी हूं की चूं केलं नाही.

पेटलं! त्रिकोणी पंखाच्या आधाराने नाक वर उचललं, मग एकामागून एक तिन्ही टप्पे जळाले. साधारण तेरा मिनिटांनी दुर्बीण मोकळी झाली आणि लगेच संदेशवाहक उपग्रहांमार्फत तिचा संकेत आला. सौरपंख उघडले. बॅटरी भरू लागल्याचं मी वाचून दाखवलं, आवाज जरा चढलाच होता.

टाळ्या वाजल्या, पण दुर्बिणीचा लांब दांडा सांभाळणाऱ्या गटातली माणसं हाताची घडी घालून बसलेली. त्यांचं बरोबरच होतं. तीव्र क्ष-किरण आरशाला अगदी घासून गेले तरच वळतात, तेही जेमतेम. म्हणून आरसे आणि किरण टिपणारे शोधक यांच्यात १० मीटर अंतर लागतं. पेगॅससचं टोक मात्र सव्वा मीटर रुंद. तेव्हा तो १० मीटरचा दांडा घडी करून एका डब्यात कोंबला होता. तो अडकला असता, तर सकाळच्या सगळ्या धडधडीचा उपयोग शून्य.

त्यांची पाळी २१ जूनला आली. छप्पन्न चौकटींचा तो दांडा एकेक करत उलगडत गेला. सव्वीस मिनिटं लागली. टाळ्या या वेळी त्यांनीच आधी वाजवल्या.