पूजेला ठेवलेला कॉम्प्युटर आणखी किती वर्षं?

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी.

आज घरोघरी हत्यारं पुसून पूजेला लागली असतील. सुताराची पटाशी, शिलाई मशीन, पाना, पक्कड आणि हल्ली त्याच रांगेत लॅपटॉप. पटाशीचं वय कुणी विचारत नाही, धार लावली की ती चालते. कॉम्प्युटरबद्दल मात्र दर दसऱ्याला तोच प्रश्न: किती वर्षं झाली, आता बदलायचा का? यंदा तो जास्तच टोचतोय, कारण १४ ऑक्टोबरला, म्हणजे तेरा दिवसांनी, विंडोज १० चा आधार संपतो (मायक्रोसॉफ्ट त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवतं) आणि नवीन मशीनच्या जाहिराती त्याच तारखेचा धाक घालताहेत.

वर्षांत उत्तर द्यायचंच तर माझं उत्तर असं: बरा डेस्कटॉप दहा वर्षं आणि बरा लॅपटॉप सात ते आठ वर्षं चालायलाच हवा. त्याआधी टाकून दिलेल्या बहुतेक मशीनमध्ये एखाददुसरा स्वस्त भाग थकलेला असतो, बाकी सगळं ठणठणीत असतं. कॉम्प्युटरला एकच एक वय नसतं. बॅटरी तीन-चार वर्षांत म्हातारी होते, हार्ड डिस्क पाच-सहा वर्षांत बेभरवशाची होते, प्रोसेसर मात्र सहसा मरतच नाही. त्यामुळे नेमकं काय थकलंय आणि ते बदलता येतं का, एवढंच पाहायचं.

‘तीन वर्षांनी बदला’ असं लोक सर्रास सांगतात. हा आकडा आला कुठून, तेही लिहून ठेवतो. तो यंत्राचा नाही, हिशेबाचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप-लॅपटॉपचं उपयोगी आयुष्य तीन वर्षं आणि सर्व्हरचं सहा वर्षं धरलंय. आयकरात कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के मिळतो, म्हणजे तीन वर्षांनी वहीत मूळ किमतीचे जेमतेम २२ टक्के उरतात. म्हणून मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी शेकड्याने लॅपटॉप काढून टाकतात आणि तेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ‘रिफर्बिश्ड’ (तपासून, दुरुस्त केलेले जुने) म्हणून विकले जातात. त्यांच्या वहीत ज्याचं आयुष्य संपलं, ते मशीन कुणाच्या तरी घरी पुढची पाच वर्षं नीट काम करतं. घरच्या माणसाने तो तीनचा आकडा डोक्यातून काढून टाकावा.

आता मशीन ‘स्लो’ झालं म्हणजे काय झालं, ते बघू. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’च्या रकान्यात पाहावं. काहीही न करता तिथे १०० टक्के दिसत असेल आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर दुखणं तिथेच आहे. फिरत्या डिस्कला सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे ठिकाणी उडी मारता येते, साध्या साटा एसएसडीला (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी आणि हार्ड डिस्कच्याच साटा जोडणीवर बसणारी डिस्क) हजारोंनी. विंडोज १० आणि ११ मागे सतत बारीकसारीक वाचन-लेखन करत असतात, त्यात बिचाऱ्या डिस्कचा दम निघतो. ५०० जीबीची साटा एसएसडी साधारण तीन-चार हजार रुपयांत येते आणि २०१४-१५ च्या मशीनलाही एका दुपारी माणसात आणते.

बदलताना क्रम चुकू नये. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची तब्येत पाहावी. ०५ क्रमांकाच्या ओळीत बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे बारीक कप्पे) आणि सी५ मध्ये वाचता न येणारे सेक्टर दिसतात. तिथला मूळ आकडा शून्य नसेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावीत, क्लोन (सबंध डिस्कची हुबेहूब प्रत) नंतर. मरायला टेकलेल्या डिस्कचं थेट क्लोनिंग सुरू केलं की ती अनेकदा मध्येच मान टाकते. सी७ चा आकडा वाढलेला असेल तर मात्र बहुधा डिस्क बरी असते, साटाची केबल बदलावी.

एम.२ ची, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी एसएसडीची पट्टी घेताना फार लोक फसतात. दिसायला पट्ट्या सारख्याच असतात, पण दोन खाचांची बहुधा साटा असते आणि एका खाचेची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान जातीची. २०१६ च्या आसपासच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये त्या जागी फक्त साटाच चालते. मॉडेल क्रमांक टाकून आधी खात्री करून घ्यावी. रॅमचंही तसंच. चौथ्या-पाचव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल जातीची रॅम लागते. जुनी १.५ व्होल्टची डीडीआर३ खाचेत नीट बसते, पण मशीन चालूच होत नाही, आणि लोकांना वाटतं मदरबोर्ड गेला. आज ८ जीबीच्या खाली राहू नये. रोजच्या कामात मेमरी ८५ टक्क्यांच्या वर दिसत असेल तर १६ जीबीकडे जावं.

एसएसडी झिजून मरेल ही भीती घरात बाळगू नये. चांगल्या कंपनीच्या ५०० जीबीच्या एसएसडीवर साधारण १८० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. दिवसाला २० जीबी लिहिलं तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात. ती मरते ती बहुतेकदा कंट्रोलर (तिचा कारभार चालवणारी चिप) बिघडून, बहुधा आगाऊ सूचना न देता. हार्ड डिस्क खरखरते, अडखळते, निदान सावध करते. एसएसडी काल होती, आज नाही. म्हणून एसएसडी लावल्यावर बॅकअपची गरज वाढते.

आता उष्णता. मशीन पहिली दहा मिनिटं झकास चालतं आणि मग रेंगाळतं, पंखा मात्र विमानासारखा ओरडतो, तेव्हा व्हायरस शोधत बसू नये. ९५-१०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. लॅपटॉपच्या पंख्यापुढे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या असतात. पंखा आणि पात्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर तो आतच सरकतो. पंखा उघडून तो थर चिमट्याने उचलून काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग जातं.

हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढलाच आहे तर त्याच्या आणि चिपच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलावी. चार-पाच वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. स्क्रूंजवळ बहुधा आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने घट्ट करायचे आणि उलट क्रमाने सैल. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. हाताचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट लॅपटॉपच्या उघड्या चिपवर पातळ पसरावी, डेस्कटॉपला वाटाण्याएवढी पुरते. शेजारच्या चिपांवर जे मऊ पॅड असतात त्यांच्या जागी पेस्ट थापू नये. त्या पॅडने अर्धा ते दीड मिलिमीटरची फट भरलेली असते, पेस्टने ती भरत नाही आणि ती चिप जळते. ‘सर्व्हिस केली आणि आठवड्यात लॅपटॉप मेला’ या तक्रारीमागे कितीदा तरी हेच असतं.

प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून पडला असेल आणि तापमान मात्र साधंच असेल, तर चार्जर तपासावा. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये ओळख पटवणारी बारीक मधली पिन असते. ती तुटली की मशीन चार्जरला परका समजतं, बॅटरी भरत नाही आणि वेगही उतरवतं. पंधराशे रुपयांच्या चार्जरपायी चाळीस हजारांचं मशीन भंगारात जायला नको.

कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. खारी दमट हवा कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज चढवते. पावसाळाभर कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप वापरातल्या लॅपटॉपपेक्षा लवकर बिघडतो, कारण चालू मशीनची ऊब आतली ओल घालवत असते. जून ते सप्टेंबर रोज तासभर तरी चालू ठेवावा. रॅम सुटली वाटली तर काढून तिचे सोनेरी दात त्याच अल्कोहोलने पुसून परत बसवावी. ‘डिस्प्ले येत नाही’ यावर निम्म्या वेळा एवढंच पुरतं.

बॅटरीचं खरं वय पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत (powercfg /batteryreport) द्यावी. अहवालात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी दिसतात. निम्म्याखाली आली की बदलावी. बहुतेक बॅटऱ्या ३०० ते ५०० चक्रांत ८० टक्क्यांवर येतात. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेलाय किंवा खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर त्याच दिवशी वापर थांबवावा, टोचू नये, दाबू नये.

घड्याळ रोज मागे जातं आणि बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते, तेव्हा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं, एवढंच. पन्नास रुपयांच्या आतलं काम.

डेस्कटॉपमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस, सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटवर विश्वास ठेवू नये. बटण दोन-तीनदा दाबल्यावर मशीन चालू होणं, व्हिडिओ कॉल सुरू करताच रीस्टार्ट होणं ही त्याची लक्षणं. त्याची हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरतो का हे दुकानात बघतात, पण त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं, भार झेपतो का ते कळत नाही. दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणं हीच खरी परीक्षा. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटरही (छोट्या नळकांड्यांसारखे उभे भाग) बघावेत, डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल तर दिवस भरले. तापमान दहा अंशांनी वाढलं की या कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून भिंतीला चिकटवलेलं, वर कापड घातलेलं कॅबिनेट लवकर जातं. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायचीच असते, हेही बहुतेकांना यूपीएस टाकून दिल्यावर कळतं.

मग बदलायचा कधी? मदरबोर्ड गेला, किंवा लॅपटॉपच्या हिंजने बॉडीच फाडली आणि पडदाही तडकला, तर दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनशी ताडून बघू नये. तेवढ्याच ताकदीचं रिफर्बिश्ड मशीन किती रुपयांना मिळतं, ते बघावं. इंटेलच्या आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला लॅपटॉप आज पंधरा ते वीस हजारांच्या आसपास मिळतो. दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर थांबावं.

दुसरं कारण सॉफ्टवेअरचं, आणि मला ते जास्त बोचतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा. २०१७ च्या शेवटी एकाच दुकानात आय५-७२००यू (सातवी पिढी) आणि आय५-८२५०यू (आठवी) शेजारी ठेवलेले असायचे. पहिला आज बाद, दुसरा पात्र. पहिल्यात दोन कोअर, दुसऱ्यात चार, हे खरं, पण पत्रं लिहायला आणि बँकेचं काम करायला दोन कोअर आजही पुरतात. चालत्या मशीनला तारखेने मारणं मला पटत नाही. ‘टीपीएम नाही’ असा संदेश आला तरी लगेच हार मानू नये. आठव्या पिढीपुढच्या डेस्कटॉपवर ते बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बहुधा नुसतं बंद असतं, इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम नावाने.

खरोखर बाद असलेल्यांना वर्षभराची मुदत आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असेल तर अपडेटच्या पानावरून नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्ज सिंक केली तर पैसे लागत नाहीत. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकावी. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. बँक आणि यूपीएससीचे अर्ज त्या मशीनवरून निर्धास्त भरता येतात. इंटेलवरच्या मॅकचंही यंदाच ठरलं: गेल्याच महिन्यात आलेली टाहो ही त्यांच्यासाठी मॅकओएसची शेवटची आवृत्ती.

एका मशीनला मात्र यातलं काही लावू नये. गावोगावच्या डीटीपीच्या दुकानात पेजमेकर आणि जुन्या फाँटांवर चालणारा एखादा कॉम्प्युटर असतो, त्यात वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक साठवलेले असतात. त्याची इंटरनेटची वायर कायमची काढावी, डिस्कची प्रत करून ठेवावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये उतरवत जावा. ते मशीन गेलं तर त्या फायली उघडणारं दुसरं मिळणं कठीण.

टाकायचाच झाला तर डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचा सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी उत्पादकांवर त्याची जबाबदारी टाकली आहे. भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी कुठे फुटेल सांगता येत नाही.

आणि आजच्या पूजेपुरतं: मशीन बंद करून, चार्जर काढून पाटावर ठेवावं. हळदकुंकू बंद झाकणावर लावावं, कीबोर्डवर आणि जाळीवर नको. ती पूड पंखा आत ओढतो आणि पात्यांवरच्या धुळीला चिकटते. उद्या चालू करण्याआधी अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या जाळीवरून उचलाव्यात.