परातीतली लंडनची आग

आपल्या शाळेत चौथीला 1666 सालची लंडनची आग शिकवायची म्हटली की बाई परात आणि काडेपेटी घेऊन वर्गात यायच्या. आज शिकवणाऱ्यांनाही तो पाठ तसाच घेता यावा, म्हणून या स्मरणिकेत लिहून ठेवत आहे.

सुरुवात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीपासून. पाव काढून झाले तरी भट्टी कितीतरी वेळ धगधगत राहते, हे मुलांनी पाहिलेले असते. पुडिंग लेनचा थॉमस फॅरिनरही पोदेरच, आरमाराला बिस्किटे पुरवणारा. 2 सप्टेंबरला, रविवारी, मध्यरात्र उलटल्यावर त्याच्या बेकरीत आग लागली. भट्टी नीट विझवली होती, असे तो पुढे सांगत राहिला.

मुले अडतात ती घरांपाशी. चिऱ्यांच्या भिंती आणि मध्ये ऐसपैस परसू, अशा गावातल्या मुलाला अख्खी गल्ली कशी पेटते ते उमगत नाही. बाकावर पुस्तकांच्या दोन चळती समोरासमोर रचाव्यात, प्रत्येक वरचे पुस्तक बोटभर पुढे काढून. पाचव्या पुस्तकापर्यंत चळती एकमेकींना भिडायला येतात. लंडनचे लाकडी मजले गल्लीवर असेच झुकलेले होते.

मग परात. दोन बोटे जाड चिकणमाती थापून तीत वीस काड्या एकेक सेंटिमीटरवर उभ्या खोचायच्या, गूल वर. टोकाची काडी पेटवली की गुलामागून गूल फुरफुरत जातो. दुसऱ्या ओळीत मधल्या पाच काड्या आधीच उपटायच्या; आग तिथे थांबते. तिसऱ्या ओळीत एकच उपटून पुठ्ठ्याने हलका वारा घालायचा. ज्योत आडवी होते आणि खिंडार ओलांडते. लंडनचे चार दिवस या तीन ओळींत आहेत: महापौर ब्लडवर्थने घरे पाडायला उशीर केला, पूर्वेचा वारा सुटलेला, आणि शेवटी सुरुंगाची दारू लावून घरे उडवली तेव्हा पट्टा रुंद झाला. तोवर 13,200 घरे आणि 87 चर्चे गेली. पाणी का पुरले नाही, हे मुले विचारतातच. लंडन ब्रिज या पुलाखालची पाणी चढवणारी चाकेच जळाली होती.

पावसाळ्यात काड्या सादळतात. पेटी आदल्या रात्री तांदळाच्या डब्यात ठेवावी. माती पातळ झाली तर काडी खिंडाराकडे कलते, आग पलीकडे जाते आणि मुले भलतेच शिकतात. पंखा बंद, वाळूची बादली हाताशी, काडी फक्त शिक्षकांनी ओढायची, मुले दोन हात लांब.

आदल्या वर्षी लंडनमध्ये पसरलेला प्लेग आगीने संपवला, असे मात्र सांगू नये. साथ आधीच ओसरली होती आणि ती जिथे सर्वांत जास्त होती त्या बाहेरच्या वस्त्या जळाल्याच नव्हत्या.

1667च्या कायद्याने नवी घरे विटांची किंवा दगडाची झाली, हे सांगून झाले की गृहपाठ द्यावा: आपल्या घरापासून शेजारच्या घरापर्यंत पावले किती, आणि मध्ये चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, रास आहे का.