कुंडीतला खड्डा

"मग कुंडीत खड्डा का नाही पडला?"

भाचीनं विचारलं आणि माझी बोलती बंद. झाड एवढं वाढतं ते कशातून, यावर मी नुकताच ऐटीत 'मातीतून' म्हणून मोकळा झालो होतो. तिनं कुंडीत बोट खुपसलं. माती काठापासून दोन बोटं खाली, रोप लावताना होती तितकीच.

सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञानं हेच तोलून पाहिलं होतं. ५ वर्षांत विलोचं झाड ७० किलोंहून जास्त वाढलं, माती घटली जेमतेम ६० ग्रॅम! त्याला वाटलं, सगळं पाण्याचंच. (तेही अर्धवट.) लाकडातला कार्बन येतो हवेतून, कार्बन डायऑक्साइडमधून.

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण परीक्षेत मी बिनचूक लिहिलं होतं. पूर्ण मार्क. तरी तोंडातून 'मातीतून'च निघालं.

तुमच्या काय निघालं असतं?