ऍझ्टेक रुइन्स: नावाला भुलू नका, छताकडे बघा

अमेरिकेत मेसा व्हर्डे, ड्युरँगो, मॉन्युमेंट व्हॅली अशी फेरी आखताना न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यातलं ऍझ्टेक हे गाव बहुतेकांच्या यादीतून गळतं. ड्युरँगोहून 550 नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालं की 35 मैल, म्हणजे पाऊण तास. फार्मिंग्टनहून तर 14 मैलच. गावाला खेटून, ऍनिमस नदीच्या काठावर ऍझ्टेक रुइन्स आहेत, म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष. प्रवेश फुकट आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे काढावा लागत नाही.

आधी नावाचा घोळ. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटलं, एवढं मोठं बांधकाम मेक्सिकोच्या ऍझ्टेकांचंच असणार. प्रत्यक्षात ऍझ्टेकांचं साम्राज्य उभं राहिलं पंधराव्या शतकात, आणि ही वस्ती तेराव्या शतकाच्या अखेरीसच रिकामी झाली होती. बांधणारे पुएब्लो लोकांचे, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज. त्यांचे वंशज आजही होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठच्या पुएब्लोंमध्ये, म्हणजे त्यांच्या गावांमध्ये राहतात. जुन्या पुस्तकांतला ‘अनासाझी’ हा शब्द मूळचा नवाहो या शेजारच्या जमातीच्या भाषेतला आहे आणि पुएब्लो लोकांना तो आवडत नाही. रेंजरशी बोलताना ‘अँसेस्ट्रल पुएब्लोन’ म्हणा.

म्युझियम लहान आहे. अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाने 1920 च्या सुमारास स्वतःसाठी बांधलेल्या घरात ते भरतं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने 1916 मध्ये त्याला इथलं उत्खनन सोपवलं होतं. घराच्या छताला त्याने अवशेषांतलीच जुनी लाकडं वापरली. आज कोणी तसं केलं तर थेट कोर्टात उभं राहील. आत पांढऱ्यावर काळी नक्षी असलेली मडकी, युक्का या रानटी झाडाच्या धाग्यांच्या चपला, दोऱ्या, टोपल्या आहेत. पंधरा मिनिटांची फिल्म दाखवतात, ती आधी बघून घ्या आणि काउंटरवरून पायवाटेची माहितीपुस्तिका घ्या. वाटेवर नुसते आकडे लावलेत, पुस्तिकेशिवाय ते मुके.

पायवाट साधारण अर्ध्या मैलाची. ती वेस्ट रुइनला वळसा घालते. ही एकच इमारत, पण खोल्या चारशेच्या घरात, काही भाग तीन मजली. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीत गडद हिरव्या दगडाचा पट्टा आडवा गेलाय. बाकी सगळा पिवळसर वालुकाश्म असताना हा दगड मुद्दाम आणून बसवलाय. कशासाठी, ते आजही कोणाला ठामपणे सांगता येत नाही. भिंतींची रीत मात्र स्पष्ट दिसते: दोन्ही तोंडांना घडवलेले दगड आणि पोटात माती-मुरूम नि कच्चा दगड. म्हणूनच वरून पाणी मुरलं की भिंत पोटातून फुगते. भिंतींच्या माथ्यावर दिसणारा नवा गिलावा त्यासाठीच आहे. भिंतीवर बसू नका, टेकू नका. तो माथा एकदा भेगाळला की पुढच्या हिवाळ्यात त्यात बर्फ शिरतं.

उत्तरेच्या बाजूने वाट इमारतीत शिरते आणि खरी मौज सुरू होते. एकामागोमाग एक खोल्या, दारांत दारं. दारं बुटकी आहेत. सहा फुटी माणसाला अक्षरशः घडी घालावी लागते. सॅक पाठीवर असेल तर ती वरच्या चौकटीला घासते, म्हणून आधीच पोटाशी घ्या. कमरेचं किंवा गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी हा तुकडा सोडून चौकातून बघावं. व्हीलचेअर या दारांतून जात नाही.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या, मिनिटभर थांबा, मग वर बघा. हे छत मूळचं आहे, नऊशे वर्षांचं. मराठवाड्यातलं किंवा सोलापूरकडचं माळवद ज्यांनी पाहिलंय त्यांना रचना लगेच ओळखू येईल: खाली जाड तुळया, त्यांवर आडवे बारीक वासे, त्यांवर जुनिपरच्या चिरलेल्या ढलप्या आणि सगळ्यात वर माती. हेच छत म्हणजे वरच्या मजल्याची जमीन. पाइन, स्प्रूस, फर ही झाडं इथे आसपास नव्हती; वीस मैल किंवा त्याहून लांबच्या डोंगरांतून ती आणली. चाक नाही, ओढायला जनावर नाही, सगळं माणसांच्या खांद्यावर. लाकडातल्या कड्या मोजून कळतं की बरीचशी झाडं 1110 च्या दशकात तोडलेली. म्हणजे एवढी इमारत फार थोड्या वर्षांत, आखून उभी केलेली. एका दारात मूळची काड्यांची चटई काचेआड जपली आहे. घाईत ती सहज सुटते, छोटी टॉर्च जवळ ठेवा. गिलाव्याला बोट लावू नका, हाताच्या तेलकटपणाने तो खराब होतो.

चौकात मोठी किव्हा आहे, म्हणजे जमिनीत अर्धी खोल गेलेली गोल सभागृहासारखी वास्तू. ही मॉरिसने 1934 मध्ये पुन्हा बांधलेली, छतासकट. छताच्या उंचीवरून अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी चार प्रचंड खांबांच्या मधोमध उभं राहिल्यावर जागेचा अंदाज येतो, तो उघड्या खड्ड्याकडे बघून कधीच आला नसता. पुएब्लो लोकांसाठी किव्हा आजही धर्मविधींची जागा आहे. देवळाच्या गाभाऱ्यापाशी बोलतो तेवढ्याच आवाजात बोला, पोरांना पळापळ करू देऊ नका.

मातीत खापराचा तुकडा दिसला तर बघा, फोटो काढा, तिथेच राहू द्या. उचलणं 1979 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. इथले दगड तर एकेकाळी गावकऱ्यांनी घरं बांधायला गाड्या भरभरून नेले होते. 1923 मध्ये राष्ट्रीय स्मारक झाल्यावर ते थांबलं. न्यू मेक्सिकोतल्याच चाको कॅन्यन इथल्या अवशेषांसोबत 1987 मध्ये याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

वेळ दोन तास धरा. जागा महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे, सुमारे 1,700 मीटर, आणि हवा कोरडी; तहान कळायच्या आत डोकं दुखायला लागतं. माणशी लिटरभर पाणी घ्या. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचा पाऊस येतो, तेव्हा सकाळी उघडताक्षणी जा. थँक्सगिव्हिंग, नाताळ, 1 जानेवारीला बंद. ऍरिझोनाकडून येणाऱ्यांनी उन्हाळ्यात घड्याळ तपासावं: न्यू मेक्सिको तासभर पुढे असतं, आणि मधला नवाहो प्रदेशही. फोन वाटेत वेळ बदलतो आणि बंद व्हायची वेळ हुकते.

हाताशी अर्धा दिवस उरला तर ब्लूमफील्डजवळचे सॅमन रुइन्स बघा, तिकीट लागतं. चाकोला जायचं ठरवलं तर त्याला वेगळा दिवस द्या. शेवटचे 13 मैल कच्चा रस्ता आहे, पाऊस झाला की चिखलात साधी गाडी रुतते. भाड्याच्या गाडीचा करार कच्च्या रस्त्याला परवानगी देतो का ते आधी वाचा, आणि टाकी ब्लूमफील्डमध्येच भरा. आत पेट्रोल नाही, जेवण नाही.