आमची वाटचाल : शेवटची गाडी किती वाजता?

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल बघायला गाव सोडावं लागत नाही. आमच्या पेठेतून शाहू स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ समोरासमोर आले की आमच्या गल्लीतली दुकानं दुपारीच अर्धं शटर ओढून घेतात. तरी गेली दहा-अकरा वर्षं आमच्या दोन गाड्या आणि एक टेबल-खुर्चीचं ऑफिस फुटबॉलवर चालतंय, ते गाव सोडून मॅच बघायला निघणाऱ्यांच्या जिवावर.

धंदा सुरू केला 2009 मध्ये. वडिलांची मॅटाडोर विकली, पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. पहिली सहा वर्षं वऱ्हाडं, अष्टविनायक, नरसोबावाडी, शिर्डी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. भाडं किलोमीटरवर, ड्रायव्हर भत्ता वेगळा, राहण्याचं ज्याचं त्याने बघायचं.

डिसेंबर 2015 मध्ये गल्लीतली पोरं आली. 20 तारखेला, रविवारी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, गोवा विरुद्ध चेन्नई. "मालक, गाडी तुमची, राहायचं पण तुम्हीच बघा. पैसं मात्र कमी लागाय पायजेत." डिसेंबरचा गोवा आणि पैसे कमी! मी फोन लावत बसलो. मडगावात एका माणसाला रात्रीचे सातशे, म्हापशात पाचशे. सोळा माणसं, म्हणजे 3,200 रुपये वाचतात. शिवाय आंबोलीमार्गे परतायचं, तर म्हापसा वाटेवरच पडतं. माझा मीच खूश.

मॅच तुम्हाला आठवत असेल. 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे, आमची पोरं कठड्यावर चढलेली. त्यानंतर पाच-सहा मिनिटांत चेन्नईने दोन गोल केले आणि कप नेला. पडलेल्या चेहऱ्यांची सोळा माणसं गाडीत भरली आणि जुवारी पुलाच्या अलीकडे अडकलो. नवा पूल तेव्हा झाला नव्हता, जुन्यावरची कोंडी गोव्यात सगळ्यांच्या ओळखीची. त्यात अख्खं स्टेडियम रस्त्यावर. ड्रायव्हर मामा खिडकीतून बाटलीचं पाणी डोळ्यांवर मारत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, झोप आली तर गाणं म्हणा." मामा म्हणाले, "गाणं म्हणायला आधी जेवण लागतंय." म्हापशात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. हॉटेलं बंद. लॉजवाल्याने दोन खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या, आम्ही येणार नाही असं समजून.

सकाळी सहाला निघायचं होतं, मामांना नऊपर्यंत झोपू दिलं. घाटात झोपाळलेला ड्रायव्हर मला चालत नाही. पण त्याच दिवशी दुपारी गाडीला कोल्हापुरात वऱ्हाडाचं भाडं होतं. ते गाठता आलं नाही. दुसऱ्याची गाडी 4,500 देऊन उभी केली, वर नवरीच्या मामाचं बोलणं खाल्लं. 3,200 वाचवायला गेलो आणि 1,300 पदरचे घातले. जास्तीचं डिझेल वेगळं.

त्या रात्रीनंतर मी वही घातली. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानातली. तिच्यात खोलीचा दर पहिल्या रकान्यात नाही. पहिला रकाना : मॅच संपल्यावर गादीला पाठ किती वाजता टेकणार. दुसरा : तिथपर्यंत जाणारी शेवटची गाडी. दर तिसऱ्या रकान्यात. गिऱ्हाईक आधी तिसराच रकाना विचारतं, ते साहजिक आहे. पण स्वस्त खोली आणि स्वस्त प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी समजून जो हिशेब करतो त्याची रात्र रस्त्यात जाते, हे मी स्वतःच्या खिशाने शिकलोय.

2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात आला आणि वहीची खरी परीक्षा झाली. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात. भारताचे सामने आधी नवी मुंबईत व्हायचे होते, ते दिल्लीला गेले. नाहीतर नेरूळला मी रोज गाडी लावली असती. पण गोव्याला दोन ट्रिपा केल्या. एका तिकिटात दोन सामने होते, संध्याकाळी पाचचा आणि रात्री आठचा. ऑक्टोबर असल्यामुळे गोव्यात गर्दी नव्हती, आणि या वेळी मडगावातच, बाजारात मालासाठी येणारे व्यापारी उतरतात तसल्या लॉजवर राहिलो. तिथे स्विमिंग पूल नसतो, पण रात्री अकरालाही चहा मिळतो. इराणने जर्मनीला 4-0 ने झोडलं ती मॅच बघून आम्ही साडेअकराच्या आत अंथरुणात होतो. मामांनी त्या रात्री खरंच गाणं म्हटलं.

मग कोलकाता. अकरा जण, सगळे ब्राझीलवाले. बेत असा : 22 ऑक्टोबरला सॉल्ट लेकवर ब्राझील-जर्मनी, 25 ला गुवाहाटीत सेमी फायनल, 28 ला परत कोलकात्यात फायनल. पाडव्याच्या संध्याकाळी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस धरली, म्हणजे भाऊबीज रेल्वेत. दोघांच्या बहिणी माझ्याशी पुढचे सहा महिने बोलत नव्हत्या. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात खोल्या मिळाल्या, स्वच्छ आणि परवडणाऱ्या. ब्राझीलने एक गोल मागे पडून 2-1 ने मॅच काढली. त्या वेळी सॉल्ट लेक स्टेडियमला मेट्रो नव्हती, ती आली 2020 मध्ये. साठ हजारांच्या वर माणसं बायपासवर पायी. आम्हीही त्यांच्यातच, दीड तास चाललो. वहीत तो दीड तास आधीच लिहिलेला होता, म्हणून कुणी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी गुवाहाटीला निघायचं, तर बातमी आली की तिथलं मैदान पावसाने खराब झालंय आणि सेमी फायनल कोलकात्यालाच होणार. पोरं आनंदाने नाचायला लागली. मला घाम फुटला. खोल्या आम्ही त्याच सकाळी सोडल्या होत्या आणि दुसऱ्यांना गेल्याही होत्या. गुवाहाटीची रेल्वे तिकिटं रद्द करायची, तिथल्या लॉजचा विसार बुडाला, आणि कोलकात्याच्या नव्या तिकिटांसाठी मोबाइलवर झुंबड. अकरापैकी सात जणांनाच मिळाली. एका बुकिंग अ‍ॅपवर तीन खोल्या दिसल्या, पैसे भरले, तासाभरात "क्षमस्व" आलं आणि त्याच खोल्या दुप्पट दराने परत दिसायला लागल्या. बॅगा फूटपाथवर ठेवून अकरा माणसं उभी, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

आमच्यातल्या एकाची सासुरवाडी विट्याची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. असं मोठं शहर शोधून सापडणार नाही, जिथल्या सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात माणदेशी मराठी ऐकू येत नाही. याने सासऱ्यांना फोन लावला. सासऱ्यांनी कुणाला तरी लावला. अर्ध्या तासात बडाबाजारातून एक गृहस्थ हातरिक्षाच्या गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "कोल्हापूरचं कोण हाय? चला, भाकरी टाकायला सांगितलीया." त्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकून आम्ही पाच रात्री काढल्या. खाली भट्टी, वर अकरा ब्राझीलवाले. इंग्लंडने ब्राझीलला 3-1 ने हरवलं त्या रात्री त्यांच्या आईने प्रत्येकाला बळेबळे दूधभात वाढला.

भाड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पण आमच्या धंद्याला त्यांनी जे दिलं त्याची किंमत मला आजही करता येत नाही. त्यानंतर कुठल्याही शहरात माणसं न्यायची असली की मी आधी तिथला गलाईवाला शोधतो. तो फुकट ठेवतो म्हणून नव्हे, तसं मागायचंही नसतं. कुठला लॉज कुटुंबाला चालतो, कुठल्या गल्लीत रात्री बाराला रिक्षा मिळते, मॅचच्या दिवशी कुठला रस्ता बंद होतो, हे त्याच्याइतकं मोबाइलला माहीत नसतं. वहीच्या मागच्या पानांवर आज चौदा शहरांचे नंबर आहेत.

पोरांचे संघ न्यायचं कामही याच सुमाराला वाढलं. त्यातला एकच किस्सा सांगतो. चौदा वर्षांखालचा संघ पुण्याला नेला, 22 मुलं. लग्नाचे मुहूर्त नव्हते, म्हणून मंगल कार्यालयाचा हॉल स्वस्तात मिळाला, गाद्यांसकट. मैदान पाच मिनिटांवर. वहीचे तिन्ही रकाने पास! पहाटे पाचला कळलं की बाथरूम दोनच आहेत. मॅच आठला. गोलकीपर डोक्याला साबण लावून रांगेत उभा, कोच बाहेरून दार बडवतोय, आणि पाच-सहा पोरं बुटाच्या नाड्या मैदानात पळत पळत बांधतायत. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. चौथा रकाना त्या दिवशी वाढला : न्हाणीघरं. खाटा कमी असल्या तर सतरंजी टाकता येते, नळाला पर्याय नाही.

कोरोनाची दोन वर्षं थोडक्यात उरकतो. दोनपैकी एक गाडी विकली, मामा शेतावर गेले. चीड याची यायची की आयएसएलचे सगळे सामने गोव्यातच चालले होते, घाट उतरला की मॅच, आणि स्टेडियमं रिकामी. प्रेक्षकांना बंदी. मार्च 2022 ला फातोर्ड्याच्या फायनलला लोकांना सोडलं तेव्हा पहिलं भाडं मिळालं.

त्याच वर्षी कतारचा वर्ल्ड कप. परदेशाचा अनुभव शून्य. नऊ जण, निम्मे ब्राझीलचे आणि निम्मे अर्जेंटिनाचे, हे कोल्हापुरात एका घरातही असतं. मॅचची तिकिटं ज्याची त्याने फिफाकडून काढायची, आम्ही त्याला हात लावत नाही, आजही नाही. आमचं काम राहणं आणि फिरणं. चाहत्यांसाठी उभारलेल्या केबिनचा दर रात्रीला दोनशे डॉलरच्या घरात. दुबईत राहून मॅचपुरतं विमानाने ये-जा करायचीही सोय होती, आणि बऱ्याच जणांनी तेच पॅकेज विकलं. मी वही उघडली. एका मॅचला चार विमानतळांच्या रांगा, आणि गादीला पाठ पहाटे सहाला. फुली मारली.

तिथल्या रहिवाशाला आपल्या घरी दहापर्यंत पाहुण्यांची नोंदणी करता येत होती. हय्या कार्ड हाच प्रवेश परवाना, पण राहण्याचा पत्ता दाखवल्याशिवाय ते मिळत नव्हतं. एका प्रवाशाचे साडू दोह्यात अल मन्सूरा भागात राहतात. त्यांनी नवांची नोंद केली. किराणा आम्ही भरला आणि इथून पाच किलो कांदा-लसूण मसाला नेला, कस्टमवाल्याने वास घेऊन दोनदा शिंकलं. घरापासून मेट्रो चालत सात मिनिटं. हय्या कार्डावर मेट्रो फुकट, आणि पहाटे तीनपर्यंत चालू. मशैरिब स्टेशनला गाडी बदलली की थेट लुसैलचं स्टेडियम. बाजारात पाऊल टाकलं की मोठा फोमचा हात दाखवत "मेट्रो? धिस वे!" ओरडणारा माणूस भेटायचा, आमची पोरं त्याच्यामागे "मेट्रो, हिकडं!" म्हणून साथ द्यायची.

24 नोव्हेंबरला ब्राझील-सर्बिया, 26 ला अर्जेंटिना-मेक्सिको, 28 ला ब्राझील-स्वित्झर्लंड, 30 ला अर्जेंटिना-पोलंड. पहिले दोन लुसैलला, नंतरचे दोन जहाजाच्या कंटेनरपासून उभारलेल्या 974 नावाच्या स्टेडियमवर. चारही सामने आपल्या बाजूने, त्यामुळे घरात भांडणं झाली नाहीत. मेक्सिकोच्या मॅचला जवळजवळ 89 हजार माणसं होती, रात्री दहाची मॅच. बाहेर मेट्रोसाठी नागमोडी रांग, तासभर. तरी अडीचला आम्ही घरी भात खात होतो. मॅचची तिकिटं सोडून प्रत्येकी 92,000 खर्च आला.

आता पुन्हा दोन गाड्या आहेत. मामा परत आले, रात्री गाडी मात्र त्यांचा मुलगा चालवतो. खोल्यांचं सगळं बायको बघते. लॉजवाल्याला फोनवरून बाथरूमचा व्हिडिओ काढून पाठवायला तीच लावते, मला ते जमत नाही.

यंदाचा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत, 16 शहरं. "मालक, अमेरिकेचं काय?" असं रोज कुणीतरी विचारतं. मी अजून कुणाचा विसार घेतलेला नाही. व्हिसा ज्याचा त्याने काढायचा, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे तिथे बहुतेक वेळा विमानच. फक्त 19 जुलैची फायनल न्यू जर्सीत आहे आणि माझा भाचा तिथेच एडिसनला राहतो. परवा त्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या घरापासून स्टेडियमला रेल्वेने कसं जायचं? म्हणाला, सकॉकस स्टेशनला गाडी बदलावी लागते. म्हटलं, मॅच संपल्यावर सकॉकसहून एडिसनला येणारी शेवटची गाडी किती वाजता? तर म्हणतो, "मामा, मी सगळीकडे कारनेच जातो, मला काय माहीत." विचारून कळव म्हणालो. आठ दिवस झाले, वहीतला तो रकाना अजून कोराच आहे.