भाव लंडनचा, अंगण डाक लाकचं

सायगॉनहून रात्रीच्या स्लीपर बसने बुऑन मा थुओतला पोचलो. साडेतीनशे किलोमीटर. चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यावे लागतात, बाकी झोप बरी लागते.

व्हिएतनामच्या मध्य पठारावरचा हा डाक लाक प्रांत म्हणजे रोबस्टा जातीच्या कॉफीचं आगार. कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर व्हिएतनामचाच नंबर, आणि रोबस्टात तर पहिला. फ्रेंचांनी १८५७च्या सुमारास रोपं आणली खरी, पण या लाल मातीत मळे पसरले ते १९८६च्या आर्थिक सुधारणांनंतर.

डिसेंबर, त्यामुळे तोडणी ऐन भरात. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, फांदी मुठीत धरून सर्रकन ओरपायची. लाल, पिवळी, हिरवी, सगळी फळं एकदमच खाली. "नुसती पिकलेली का नाही तोडत?" असं विचारलं तर मळेवाले काका हसायलाच लागले. सोबतच्या दुभाषी मुलीने उलगडून सांगितलं: मजूर मिळत नाहीत, आणि फळं झाडावर ठेवली तर रात्री चोर तोडून नेतात. पाकिटावरची 'निवडक पिकलेली फळं' वाचून भारावणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

अंगणभर फळं वाळत घातलेली. काकू लाकडी दाताळ्याने ती सारखी खालीवर करत होत्या. कॉफीचा वास म्हणाल तर औषधालाही नाही. आंबूस-गोडसर असा काहीतरी दर्प. वाळलेलं फळ गिरणीत भरडलं की आतून हिरवट-करडा दाणा निघतो. चार-साडेचार किलो ओल्या फळांमागे जेमतेम एक किलो.

आणि तो दाणा लगेच विकायचा नाही! घरात छतापर्यंत पोती रचलेली. भावाच्या आशेने घरात कापूस भरून ठेवणारा आपला वैदर्भीय शेतकरीच आठवला. फरक इतकाच, की काकांचं लक्ष लंडनच्या वायदेबाजाराकडे. रोबस्टाचा भाव तिथे ठरतो. ते दर थोड्या वेळाने मोबाइल काढून बघत. २०२२मध्ये किलोला चाळीस हजार डोंगच्या (हे तिथलं चलन) आसपास असलेला दर २०२४मध्ये लाखाच्या वर गेला. त्या वर्षी देशाची कॉफी निर्यात पाच अब्ज डॉलरच्या पुढे गेली, तीही बहुतांश कच्च्या दाण्यांची. भाजून, दळून, पाकिटात भरून मिळणारा मोठा नफा दुसऱ्याच देशांत जातो, हे मला तरी खटकलं. काकांना त्याचं काही वाटत नव्हतं. पैसा हातात येतोय ना, मग झालं.

तरी त्यांनी कॉफीच्या ओळींमध्ये ड्युरियनची झाडं लावलीच आहेत. चीनमध्ये त्या फळाला सोन्याचा भाव मिळतो. मिरीचे वेल तर आधीपासूनच खांबांवर चढलेले.

जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा. फुलोरा बघायचा तर कोरड्या दिवसांत, मळ्यांना पाणी दिल्यावर जा. शहरातल्या कॉफी संग्रहालयात फोटो झकास येतात, पण अर्धा दिवस पुरे. उरलेला वेळ कुणाच्या तरी अंगणात घालवा.